ज्यू धर्मातला संयम आणि रोजच्या जगण्यातलं पावित्र्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात वाढलेली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली आहे. लहानपणापासून शेजारी, वर्गमैत्रिणी आणि पुढे ऑफिसातले सहकारी तेच तेच प्रश्न विचारत आले. तुम्ही कोलंबी का खात नाही? शनिवारी फोन का उचलत नाही? तुमच्यात साधू-संन्यासी नसतातच का? बहुतेकांना मनापासून जाणून घ्यायचं असतं आणि जिन्यात उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. म्हणून ती उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे.

"पवित्र व्हा" या आज्ञेचा अर्थ काय?

ही आज्ञा तोरा या आमच्या पाच पुस्तकांच्या मूळ धर्मग्रंथातल्या तिसऱ्या पुस्तकात, लेवीयच्या 19व्या अध्यायात येते: तुम्ही पवित्र असा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे. मूळ हिब्रू शब्द 'कादोश'. मराठीत 'पवित्र' म्हटलं की देव्हारा, सोवळं, गंगाजल डोळ्यांपुढे येतं. 'कादोश'मध्ये मुख्य अर्थ आहे वेगळं काढलेलं, राखून ठेवलेलं. शुक्रवारी रात्री द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणायचा 'किद्दूश', लग्नविधीतलं 'किद्दुशीन', गेलेल्या माणसासाठी म्हणायचा 'कद्दीश', जेरुसलेमच्या मंदिराचं नाव 'बेथ हामिक्दाश', हे सगळे शब्द एकाच धातूचे.

राखून ठेवायचं म्हणजे हात आवरावा लागतो. म्हणून पावित्र्य आणि संयम या भाषेत शेजारीशेजारी राहतात.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्या आज्ञेच्या पुढे येणारं. एवढं मोठं वाक्य उच्चारल्यावर आता ध्यान, गुहा, जंगल असं काहीतरी येईल असं वाटतं. येतं ते असं: शेत कापताना कोपरे गरिबांसाठी सोडा. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. तराजू खरा ठेवा, मापात पाप करू नका. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा, हे प्रसिद्ध वाक्यही याच अध्यायातलं. पावित्र्याचा पत्ता शेताच्या बांधावर आणि वाण्याच्या ताजव्यात दिलेला आहे.

इतके नियम पाळताच की तुम्ही! मग त्यावर आणखी संयम कशाला?

हा प्रश्न भाष्यकारांनाही पडला होता. रशी (1040–1105) म्हणाले की ही आज्ञा निषिद्ध संबंधांपासून दूर राहण्याची आहे, आणि विषय तिथे मिटवला. त्यांच्यानंतरचे रंबान (1194–1270) म्हणाले, तेवढ्याने भागत नाही. एखादा माणूस एकही नियम न मोडता सुटू शकतो. मांस कोशेर, म्हणजे धर्मनियमांत बसणारं आहे, पण तो बकासुरासारखा खातो. दारू कोशेर आहे, तो सकाळपासून पितो. बायको लग्नाची आहे, पण तिच्याकडे तो फक्त वासनेपुरता बघतो. तोंडी शिव्यागाळी असते, कारण शिवी देऊ नये असं नेमकं कलम त्याला सापडलेलं नाही. अशा माणसासाठी रंबान यांनी शब्द योजला: 'नावाल बिर्शूत हातोरा'. तोराच्या परवानगीने वागणारा हलकट. सगळं कायद्यात बसवून नीचपणा करणारी माणसं आपल्यालाही माहीत असतात, त्यामुळे हा शब्दप्रयोग कानावर पडला की विसरत नाही.

तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) चर्चांच्या जुन्या संग्रहात, रावा यांचं याहून जुनं वाक्य आहे: जे तुला मोकळं आहे त्यात स्वतःला पवित्र कर. कुंपणापलीकडच्या गोष्टींपासून दूर राहणं हा नियम झाला. कुंपणाच्या आत, जिथे कोणी अडवणारं नाही तिथे कसं वागायचं, याचं उत्तर माणसाचं स्वतःचं.

मग तुमच्यात संन्यास का नाही?

संन्यासाच्या जवळ जाणारी एक प्रथा होती: 'नाझीर'. तिचे नियम तोराच्या गणना या पुस्तकात, सहाव्या अध्यायात आहेत. नाझीराने द्राक्षारस प्यायचा नाही, द्राक्षं किंवा मनुकाही खायचे नाहीत, केस कापायचे नाहीत, प्रेताजवळ जायचं नाही. मुदत सांगितली नसेल तर नवस तीस दिवसांचा धरला जाई. मुदत संपली की त्याने केस उतरवायचे आणि मंदिरात अर्पणं आणायची, आणि त्यात एक पापार्पण असे.

तीस दिवस व्रत पाळलं, त्याने पाप कसलं केलं? रब्बी एलाझार हाकप्पार यांचं उत्तर असं की त्याने द्राक्षारस सोडून स्वतःला छळलं, हेच पाप. एका द्राक्षारसासाठी जर पापी ठरत असेल, तर सगळंच सोडणारा किती पापी ठरेल! याच्या बरोबर उलट, दुसरे एक रब्बी एलाझार म्हणाले की तोराने नाझीराला 'पवित्र' म्हटलंय, तर सगळं सोडणारा किती पवित्र ठरेल! दोन्ही मतं तालमूदच्या एकाच पानावर आहेत आणि त्यातलं एकही कुणी खोडलेलं नाही.

रंबाम (1138–1204), वर आलेल्या रंबान यांच्यापेक्षा वेगळे, हे इजिप्तमध्ये वैद्यकी करणारे मोठे धर्मपंडित. त्यांनी मध्यममार्ग सांगितला. हाव वाईट म्हणून मांस नको, द्राक्षारस नको, लग्न नको, बरं घर नको, चांगले कपडे नकोत असं म्हणत जो सुटतो, तो मार्ग वाईट आहे आणि त्यावर चालायला मनाई आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. तोराने जे वर्ज्य केलं ते तुला पुरेना का, हा सवाल तर त्यांच्या आधीपासून विचारला जात होता.

पण मला या विषयात सगळ्यात जवळची वाटते ती महायाजक शिमोन हात्सद्दीक यांची गोष्ट. व्रत बाटलेल्या नाझीराच्या अर्पणातला वाटा याजकांना मिळत असे. लोक रागाच्या भरात, पश्चात्तापाच्या भरात नवस बोलतात आणि मग पस्तावतात, म्हणून शिमोन तो वाटा कधी खात नसत. आयुष्यात एकदाच खाल्ला. दक्षिणेकडून एक तरुण आला होता. देखणा, सुंदर डोळ्यांचा, कुरळ्या बटा खांद्यावर. शिमोन यांनी विचारलं, बाळा, हे इतके सुंदर केस उतरवायचं का ठरवलंस? तो म्हणाला, मी गावात वडिलांची मेंढरं राखतो. झऱ्यावर पाणी भरायला गेलो, पाण्यात माझं रूप दिसलं आणि मन एकदम उसळलं, मला या जगातून उखडून टाकेल असं वाटलं. मी त्याला म्हटलं, अरे दुष्टा, जे जग तुझं नाही त्यात तू कसला गर्व करतोस? उद्या किड्यांचं खाद्य होणार आहेस. देवासाठी हे केस मी उतरवेन. शिमोन उठले, त्यांनी त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, इस्राएलमध्ये तुझ्यासारखे नाझीर पुष्कळ होवोत.

त्या मेंढपाळाने जगाचा तिरस्कार केला नव्हता. आपल्याला काय बुडवतं ते त्याने नेमकं ओळखलं, तेवढ्यापुरता उपाय केला आणि पुन्हा मेंढरांकडे गेला.

वासना मुळातच वाईट मानता का?

नाही. माणसाच्या आतल्या त्या ओढीला 'येत्सेर हारा' म्हणतात, शब्दशः वाईट प्रवृत्ती. पण जुन्या रब्बींनीच सांगून ठेवलंय की ती नसती तर कुणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, पोरंबाळं झाली नसती, व्यापारउदीम चालला नसता.

तालमूदमध्ये यावर एक कथा आहे. लोकांनी प्रार्थना करून ही वासना पकडली आणि तीन दिवस कोंडून ठेवली. तिला मारलंत तर जग संपेल, असा इशारा मिळाला होता. त्या तीन दिवसांत कुणा आजाऱ्यासाठी ताजं अंडं हवं होतं. सगळा देश पालथा घातला, अंडं मिळालं नाही. कोंबड्यांनीही अंडी देणं थांबवलं होतं. शेवटी तिला अर्धवट दुबळी करून सोडून दिलं.

म्हणून तिच्यावर ताबा मिळवायचा, तिला ठार करायचं नाही. बेन झोमा यांनी विचारलं, शूर कोण? आणि उत्तर दिलं: जो आपल्या ओढीला जिंकतो तो.

वर्ज्य पदार्थाचा मनापासून वीट यावा, हे उत्तम ना?

आमची परंपरा वेगळं सांगते. रब्बी एलाझार बेन अझर्या म्हणतात: मला डुकराचं मांस नकोच, असं म्हणू नये. म्हणावं, मला हवंय, पण काय करू, माझ्या स्वर्गातल्या पित्याने मनाई केलीय.

लहानपणी मला हे ऐकून फार हायसं वाटलं होतं. शेजारच्या घरातून कोलंबीच्या कालवणाचा वास यायचा आणि तोंडाला पाणी सुटायचं. मी आईला विचारलं, मला वास आवडतो, म्हणजे मी वाईट आहे का? आई म्हणाली, वास चांगलाच आहे गं. आपण खात नाही, एवढंच.

स्वयंपाकघरात हा संयम कसा दिसतो?

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मी हे सगळं आजीच्या ओट्यापाशीच शिकले.

मांस आणलं की आजी आधी ते अर्धा तास पाण्यात भिजवायची. मग पाणी मोरीत ओघळून जाईल अशी तिरपी फळी लावायची, मांसाला सगळ्या बाजूंनी जाड मीठ चोळायची आणि तासभर तसंच ठेवायची. फळीवरून गुलाबी पाण्याचा ओघळ सावकाश मोरीकडे जायचा. रक्त खायचं नाही, कारण रक्तात जीव आहे, ही तोराची आज्ञा. तासाभराने मांस धुवायचं आणि मगच फोडणी. आम्हा भावंडांना भूक लागलेली असायची, पण मिठाचा तास कुणाच्या भुकेसाठी कमी व्हायचा नाही. अंडी ती एकेक करून आधी वाटीत फोडायची. रक्ताचा ठिपका दिसला की ते अंडं बाजूला. दहाच्या दहा अंडी थेट भांड्यात फोडताना मी तिला कधी पाहिलं नाही.

दूध आणि मांस एकत्र नाही. मांस खाल्ल्यावर दुधाचा पदार्थ खायला बहुतेक समाजांत सहा तास थांबतात, जर्मन ज्यूंची प्रथा तीन तासांची, हॉलंडच्या ज्यूंची एका तासाची. कोकणात आमच्या पूर्वजांना यातून सुंदर वाट सापडली: मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध. दही-साय न घालताही रस्सा दाट होतो, आणि आमच्या घरचं जेवण कोकणातल्या इतर घरांसारखंच लागतं.

मासे खायचे ते खवले आणि पर असलेले. रावस, पापलेट चालतात. कोलंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. आमच्या समाजात एक आठवण पिढ्यानपिढ्या सांगतात. शेकडो वर्षं बाहेरच्या ज्यूंशी संबंध तुटलेला होता, धर्मग्रंथही हाती नव्हते. तेव्हा डेव्हिड रहाबी नावाचे गृहस्थ कोकणात आले आणि हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे बघण्यासाठी त्यांनी बायकांपुढे सगळ्या प्रकारचे मिसळलेले मासे ठेवले. बायकांनी खवले-पर असलेले तेवढे घेतले, बाकीचे वेगळे केले. प्रार्थनांचे शब्द मागे पडले होते, देव एकच आहे असं सांगणाऱ्या 'शेमा' प्रार्थनेची फक्त ओळ उरली होती. हातांना मात्र काय बाजूला ठेवायचं ते आठवत होतं.

आणि काहीही खाण्याआधी आशीर्वचन. भाकरी-पोळीला वेगळं, झाडाच्या फळाला वेगळं, जमिनीतून उगवलेल्या भाजीला वेगळं. रब्बी मेईर म्हणतात, माणसाने दिवसाला शंभर आशीर्वचनं म्हणावीत. आशीर्वचन न म्हणता जगातलं काही उपभोगणं म्हणजे देवळाच्या ठेवीतलं वापरण्यासारखं, असं तालमूद सांगतं. कृती म्हणून बघितलं तर हा दोन-तीन सेकंदांचा थांबा आहे. हात घासापर्यंत गेलेला असतो आणि थबकतो. केळं सोलायच्या आधी ते झाडाचं की जमिनीचं, हे आठवावं लागतं. केळीला दरवर्षी नवं खोड येतं म्हणून केळं जमिनीचं. इतका विचार केल्यावर ते केळं अधाशासारखं कोंबता येत नाही.

रब्बी राअवद यांचा एक उपाय पुढच्यांनी जपून ठेवला आहे: खाता खाता, अजून खावंसं वाटत असतानाच देवासाठी थोडं सोडून द्यावं. त्यांच्या मते हे उपवासापेक्षा सोपं आणि रोज करण्याजोगं. मी हे करून बघते. शेवटचे दोन घास बाजूला राहतात, बाहेरच्याला कळतही नाही.

शब्बाथच्या दिवशी इतकी बंधनं, मग आनंद कसला?

शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी 39 प्रकारची कामं वर्ज्य आहेत. नांगरणं, पेरणं, मळणं, शिवणं, लिहिणं, विस्तव पेटवणं, विझवणं आणि अशीच बाकीची. या सगळ्यांत समान काय, तर माणसाने जगावर हात चालवून काहीतरी बदलणं. सहा दिवस तेच करायचं, सातव्या दिवशी जग जसं आहे तसं राहू द्यायचं. अनेक समाजांत सूर्यास्ताआधी 18 मिनिटांनी दिवे लावतात आणि तिथून आवराआवर संपते. राहिलं ते राहिलं.

महाराष्ट्रात आमच्या समाजाला नावच यावरून पडलं: शनिवार तेली. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत आमचे पूर्वज तेलघाणे चालवत. इतर तेल्यांचे घाणे चालू असताना शनिवारी यांचे बंद. बैल सुटा, घाण्याची लाट थांबलेली. एका दिवसाचं तेल म्हणजे एका दिवसाची कमाई, आणि ती माणसं काही श्रीमंत नव्हती. गावाने त्यांना ओळखलं ते ती काय गाळतात यावरून तर खरंच, पण कधी गाळत नाहीत यावरूनही.

आनंदाचं म्हणाल तर शब्बाथचा आनंद हीसुद्धा आज्ञाच आहे. तीन जेवणं, चांगले कपडे, गाणी. पावित्र्याची सुरुवातच किद्दूशने, पेला हातात घेऊन होते. आमच्या घरी दारूऐवजी काळ्या मनुकांचं सरबत असे. शुक्रवारी सकाळी मनुका भिजत घालायच्या, संध्याकाळी कुस्करून गाळायच्या. नाझीराला जे वर्ज्य, त्याच द्राक्षाच्या रसावर शब्बाथ पवित्र केला जातो, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

फोन दिवसभर बंद असतो. पहिले तासभर हात सारखा पर्सकडे जातो, दुपारपर्यंत त्याची सवय मोडते.

बोलण्यावरही बंधन आहे का?

खाण्यापेक्षा कडक आहे. पाठीमागे कुणाबद्दल वाईट बोलणं याला 'लशोन हारा' म्हणतात, आणि ते खरं असलं तरी वर्ज्य आहे. खोटं असेल तर त्याला वेगळं, आणखी गंभीर नाव आहे. रब्बी यिस्राएल मेईर कागान यांनी 1873 मध्ये व्हिल्ना इथे या एकाच विषयावर 'हाफेत्स हायीम' हा ग्रंथ छापला आणि पुढे लोक त्यांना त्या ग्रंथाच्याच नावाने ओळखू लागले. ते नाव स्तोत्रातल्या ओळीवरून घेतलेलं: जीवनाची इच्छा धरणारा कोण आहे? त्याने आपली जीभ वाईटापासून राखावी.

तालमूद म्हणतं, अशी चहाडी तिघांना मारते: बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि जिच्याबद्दल बोलणं चाललंय त्या व्यक्तीला. 'त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही, उगाच कशाला' असं सूचक बोलणंही त्यात येतं. कुणाला खरंच नुकसानीपासून वाचवायचं असेल, म्हणजे लग्न किंवा भागीदारी ठरताना, तर सांगायची मुभा आहे. तेही खात्री करून, गरजेपुरतं आणि मनात आकस न ठेवता.

आणखी एक बारकावा बघा. विकत घ्यायचंच नसेल तर दुकानदाराला भाव विचारू नये, असं मिश्नात, म्हणजे तालमूदच्या गाभ्यातल्या जुन्या नियमसंग्रहात सांगितलंय. त्याला आशा लागते आणि मग ती मोडते.

आजी या बाबतीत कुणाला उपदेश करत नसे. बायका जमल्या आणि बोलणं हजर नसलेल्या कुणावर घसरलं की ती 'दूध बघून येते' म्हणून आत जायची. बऱ्याचदा गॅसवर दूध नसायचंच, हे मला मोठेपणी कळलं. ती बाहेर येईपर्यंत विषय बदललेला असायचा.

रागाचं काय?

तालमूदमध्ये म्हटलंय, माणूस तीन गोष्टींत ओळखावा: 'कोसो, कीसो, काअसो'. मराठीत म्हणायचं तर पेला, पाकीट आणि पारा. रंबाम सगळीकडे मध्यममार्ग सांगतात, पण गर्व आणि राग हे दोन अपवाद करतात. इथे मधे उभं राहू नका, पार दुसऱ्या टोकाला जा. घरच्यांना शिस्त लावायला रागावल्यासारखं दाखवावं लागलं तर दाखवा, आतून मात्र शांत असा.

हिल्लेल या जुन्या रब्बींची गोष्ट आमच्यात सर्वांना ठाऊक आहे. त्यांना चिडवून दाखवायची चारशे झूझची (झूझ म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं) पैज एकाने लावली. नेमका शुक्रवार, शब्बाथची घाई, हिल्लेल न्हात होते. हा दारातून ओरडतो, हिल्लेल कोण इथे? ते वस्त्र गुंडाळून बाहेर येतात. प्रश्न काय, तर बाबिलोनच्या लोकांची डोकी गोल का? असे तीन फेरे, तिन्ही प्रश्न निरर्थक. हिल्लेल दर वेळी 'बाळा, चांगला प्रश्न विचारलास' म्हणून उत्तर देतात. शेवटी तोच चिडतो आणि म्हणतो, तुमच्यामुळे माझे चारशे झूझ बुडाले. हिल्लेल म्हणतात, तुझे चारशे आणि वर आणखी चारशे जावोत, पण हिल्लेल चिडणार नाही.

शुक्रवारी दुपारी ज्या घरात एकाच वेळी मिठातलं मांस, भिजलेल्या मनुका आणि शाळेतून आलेली पोरं असतात, त्या घरातल्या बाईला ही गोष्ट नीट कळते.

नवरा-बायकोच्या नात्यातही संयम आहे म्हणतात, ते काय?

पाळी सुरू झाल्यापासून ती थांबल्यावर सात दिवस मोजून मिक्वेच्या, म्हणजे विधिस्नानाच्या कुंडाच्या पाण्यात स्नान होईपर्यंत नवरा-बायको शरीराने दूर राहतात. मराठी वाचकाला 'बाजूला बसणं' आठवेल, म्हणून सांगते: धर्मशास्त्रानुसार त्या दिवसांत बाई स्वयंपाक करते, प्रार्थना करते, घरात सगळीकडे वावरते. ही मर्यादा त्या दोघांमधली आहे. काही समाजांत रूढीने जास्तीची बंधनं आली, हेही खरं. रब्बी मेईर यांनी कारण दिलं की रोजच्या सवयीने कंटाळा येऊ नये, आणि परत भेटताना ती त्याला लग्नाच्या दिवसासारखी प्रिय वाटावी. आजच्या अनेक बायका या नियमाबद्दल प्रश्न विचारतात आणि ते विचारायला हवेत.

दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. बायकोचं शरीरसुख हे नवऱ्याचं कर्तव्य आहे, तोरातच लिहिलेलं. मिश्ना तर धंद्यानुसार हिशेब देते: गाढवं हाकणाऱ्याने आठवड्यातून एकदा, उंटवाल्याने तीस दिवसांतून, खलाशाने सहा महिन्यांतून. गाढववाल्याला उंटवाला व्हायचं असेल, म्हणजे जास्त कमाई पण जास्त दिवस बाहेर, तर तो निर्णय तो एकटा घेऊ शकत नाही. स्वतःच्या पावित्र्यासाठी बायकोला उपाशी ठेवण्याची सोय इथे नाही.

उपवास किती असतात?

नेमलेले सहा. त्यातले योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) आणि तिशा बेआव (मंदिराच्या नाशाच्या शोकाचा दिवस) हे दोन सुमारे पंचवीस तासांचे, पाण्याचा थेंबही नाही. बाकीचे पहाटेपासून रात्रीपर्यंत. बेने इस्राएल घरांत योम किप्पूरला 'दारफाळणीचा सण' म्हणत. दारं लावून, पांढरे कपडे घालून दिवस घालवायचा. तिशा बेआवच्या उपवासाशी वालाच्या बिरड्याचं नाव जोडलेलं आहे.

आजारी माणसाच्या जिवाला धोका असेल तर त्याने योम किप्पूरलाही खायचं असतं. ती सवलत नसून कर्तव्य आहे. आणि त्याच दिवशी सकाळी सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा जो उतारा वाचतात, त्यात देव विचारतो: मला हा उपवास हवा होता का? भुकेल्याला तुझी भाकरी वाटून दे. रिकाम्या पोटी हे ऐकताना फार लागतं.

दानालाही मर्यादा आहे का?

आहे. कमाईचा दहावा हिस्सा द्यावा, पाचव्यापेक्षा जास्त देऊ नये. देणारा स्वतः भिकेला लागू नये म्हणून.

संयमाचा अतिरेक होत नाही का? मिरवणं होत नाही का?

होतो, आणि त्याला नाव आहे: 'हासीद शोते', मूर्ख भक्त. उदाहरण असं दिलंय की नदीत बाई बुडते आहे आणि हा म्हणतो, परस्त्रीकडे बघणं बरं नव्हे, मी तिला कसा काढू? मिश्ना अशा माणसाला जग बुडवणाऱ्यांच्या यादीत घालते.

रब्बी यिस्राएल सलांतर (1810–1883) यांनी लिथुआनियात 'मुसार' चळवळ उभी केली, म्हणजे स्वतःचा स्वभाव घासूनपुसून घेण्याची शिस्त. त्यांची एक आठवण सांगतात. जेवणाआधी हात धुताना लोक भरपूर पाणी घेत, कारण तसं करणं पुण्याचं. सलांतर मोजून तेवढंच घेत. कुणी कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले: ते पाणी नोकर मुलगी विहिरीवरून खांद्यावर वाहून आणते, दुसऱ्याच्या खांद्यावर आपलं पुण्य करू नये. ज्या घरातल्या बायकांनी हंडे वाहिलेत, तिथे हे समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात कुठून करायची?

एका वेळी एकच गुण घ्यावा. 1808 मध्ये मेनाखेम मेंडेल लेफीन यांनी तेरा गुण निवडून दर आठवड्याला एक, अशी पद्धत मांडली. तेरा आठवडे, वर्षातून चार फेरे. रोज रात्री वहीत फक्त चुकल्याची खूण करायची. सलांतर यांनाही ही पद्धत पटली होती. बेंजामिन फ्रँकलिनची कल्पना त्यामागे होती आणि धर्मशीलांनी ती खुशाल घेतली, याचं मला कौतुक वाटतं.

ज्यांना पुढचा मार्ग बघायचा आहे त्यांच्यासाठी रब्बी मोशे हायीम लुझात्तो यांनी 1740 मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या ग्रंथात पायऱ्या लावून दिल्या आहेत. सावधपणा पहिली, संयम मधे, पावित्र्य अगदी शेवटी. पावित्र्याबद्दल ते लिहितात की त्याची सुरुवात प्रयत्नाने होते आणि शेवट देणगीने.

सगळं आवरायचं, मग उपभोगायचं कधी?

जेरुसलेम तालमूदमध्ये एक वाक्य आहे: डोळ्यांनी पाहिलं आणि खाल्लं नाही, अशा प्रत्येक गोष्टीचा हिशेब माणसाला द्यावा लागेल. लगेच पुढे सांगितलंय की रब्बी एलाझार यांनी हे मनावर घेतलं. ते गरीब होते. चिल्लर बाजूला टाकत जायचे आणि प्रत्येक नवं फळ वर्षातून एकदा तरी खायचे.

आमच्याकडे एप्रिलात हापूसची पेटी यायची. गवतात हात घालून आजी एकेक फळ वास घेऊन बघायची आणि तयार नसलेलं परत ठेवायची. पहिला आंबा कापला तरी कुणी फोडीला हात लावायचा नाही. सगळे जमेपर्यंत थांबायचं. दुपारच्या पाळीवरून बाबा यायचे, हातपाय धुवायचे. मग आजी झाडाच्या फळाचं आशीर्वचन म्हणायची आणि त्यानंतर नव्या ऋतूचं, 'शेहेखेयानू', ज्याने आम्हाला जिवंत ठेवलं आणि या दिवसापर्यंत आणलं त्याच्या नावाने. आम्ही आमेन म्हणायचो. पहिली फोड ती सगळ्यात धाकट्याला द्यायची, आणि कोय स्वतःकडे ठेवायची.